तृतीया विभक्तीतले युद्ध

‘रामाने बाणाने रावणास मारले’ हे व्याकरणाच्या वर्गातले परिचित वाक्य. ‘रामाने’ आणि ‘बाणाने’ ही दोन्ही पदे तृतीयेची, प्रत्ययही एकच. तरी पहिले कर्ता आणि दुसरे करण. हा भेद विद्यार्थ्याला सांगावा लागतो, पटवावा लागत नाही, कारण बाण आपण होऊन सुटत नाही हे त्याला ठाऊक असते. नव्या शस्त्रांनी नेमके हे गृहीतच डळमळीत केले आहे. म्हणून त्यांची चर्चा केवळ संरक्षणतज्ज्ञांवर सोपवून भाषेच्या अभ्यासकांनी स्वस्थ बसणे आम्हांस योग्य वाटत नाही.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकेच्या ड्रोनहल्ल्यात १० नागरिक मारले गेले. त्यांत ७ मुले होती. हा हल्ला न्याय्य होता, असे लष्करी नेतृत्वाने प्रथम सांगितले. १७ सप्टेंबरला चूक मान्य झाली, आणि डिसेंबरमध्ये कोणावरही शिस्तभंगाची कारवाई होणार नाही हे स्पष्ट झाले. येथे ड्रोन चालवणारी माणसे होती, आदेश देणारीही होती. तरीही ‘कोणी मारले?’ या प्रश्नाच्या उत्तरात कर्ता सापडला नाही. हाती राहिले ते करण.

लेझर शस्त्रांकडे मात्र अनेकजण ड्रोनवरचा उतारा म्हणून पाहतात, आणि ते अकारण नाही. १३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओने कर्नूल येथे लेझरच्या साह्याने ड्रोन पाडून दाखवले. ब्रिटनच्या ‘ड्रॅगनफायर’ लेझरच्या एका माऱ्याचा खर्च सुमारे १० पौंड सांगितला जातो. स्वस्त ड्रोनवर महागडी क्षेपणास्त्रे उधळण्यापेक्षा हे केव्हाही बरे. ढाल म्हणून या शस्त्राला आमचा विरोध नाही.

प्रश्न वेळेचा आहे. ड्रोन थव्याने येऊ लागले की प्रत्येकाबाबत माणसाने विचार करून निर्णय घेण्यास सवड उरत नाही. मग निर्णय यंत्राकडे जातो, आणि माणूस ‘संथ’ म्हणून बाजूला सारला जातो. ढालीसाठी दिलेली ही मुभा उद्या तलवारीलाही मिळेल, अशी आमची भीती आहे. शिवाय तोफगोळ्याचे तुकडे मागे राहतात, त्यांवरून मारणाऱ्याचा माग काढता येतो. किरण असा तुकडा मागे ठेवत नाही.

हे सारे अटळ आहे, असे म्हणणाऱ्यांना इतिहासाचे उत्तर आहे. कायमचे अंधत्व आणण्यासाठी बनवलेल्या लेझर शस्त्रांवर १९९५ मध्ये व्हिएन्ना येथे बंदी घालण्यात आली, तीही ती रणांगणावर रुळण्यापूर्वी. भारतानेही ती स्वीकारली. स्वायत्त शस्त्रांविषयीचा ठराव मात्र डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला, तेव्हा त्या चार विरोधी मतांत भारताचे एक होते. या विषयाची चर्चा जिनिव्हातील जुन्या व्यासपीठावरच व्हावी, ही आपली भूमिका समजण्याजोगी आहे. पण जिनिव्हातील चर्चा २०१४ पासून चालूच आहे.

‘लक्ष्य नष्ट झाले’ यासारखी वाक्ये आपण वृत्तपत्रांत रोज वाचतो आणि पुढे जातो. त्या वाक्यातला कर्ता कोठे आहे, हे विचारण्याचे शिक्षण साहित्याच्या वर्गाइतके दुसरीकडे क्वचितच मिळते. ते तेथे दिले जावे, आणि वर्गाबाहेर वापरले जावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.