नसबंदीनंतर पुन्हा आई होता येते का? बरेचसे उत्तर पहिल्या ऑपरेशनच्या कागदात

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील जवळपास निम्म्या विवाहित महिलांची नसबंदी झाली आहे. नवऱ्याने नसबंदी करून घेतल्याचे प्रमाण मात्र अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील हे आकडे आहेत. बहुतेकींचे ऑपरेशन पंचविशीच्या आसपासच होते. पुढे आजारात किंवा अपघातात मूल गेले, दुसरे लग्न झाले, तर प्रश्न उभा राहतो : बंद केलेल्या नळ्या पुन्हा जोडता येतात का?

नळी जोडतात कशी?

गर्भनलिका साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. गर्भाशयाजवळ तिची आतली पोकळी जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक असते. म्हणून हे काम मायक्रोस्कोपखाली करावे लागते. आधी बंद झालेला, व्रण पडलेला भाग कापून काढतात. दोन्ही टोके मोकळी असल्याची खात्री निळे औषध सोडून करतात. मग केसापेक्षा बारीक धाग्याने, घड्याळातील १२, ३, ६ आणि ९ च्या जागी टाके घालतात. ऊती सुकू नयेत म्हणून त्यांवर सतत द्रव सोडला जातो.

गोव्यात जन्मलेले मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी मायक्रोस्कोपचे तंत्र रुळण्याआधीच गर्भनलिकांवरील शस्त्रक्रियांत नाव कमावले होते. मायक्रोस्कोपखालची जोडणी १९७०च्या दशकात लंडनचे रॉबर्ट विन्स्टन आणि कॅनडाचे व्हिक्टर गोमेल यांच्या कामातून जगभर पोहोचली.

यश कशावर ठरते?

मुख्यतः तीन गोष्टींवर : महिलेचे वय, उरलेल्या नळीची लांबी आणि पहिले ऑपरेशन कोणत्या पद्धतीने झाले. दुर्बिणीतून रिंग किंवा क्लिप बसवली असेल तर नळीचे नुकसान कमी होते. नळी जाळली असेल तर जास्त होते. झालरीसारखे टोकच काढले असेल तर जोडायला काही उरत नाही. जोडल्यानंतर किमान चार सेंटिमीटर नळी शिल्लक राहावी, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. नवऱ्याची वीर्यतपासणीही आधीच व्हायला हवी. सगळे जुळले तर निम्म्याहून अधिक महिलांना गर्भ राहतो. चाळिशीजवळ ही शक्यता बरीच घटते. अशा वेळी टेस्ट ट्यूब बेबीचा पर्याय डॉक्टर सुचवतात.

धोका कोणता?

जोडलेल्या नळीतच गर्भ राहण्याचा. पाळी चुकली आणि ओटीपोटात एका बाजूला दुखू लागले, रक्तस्राव झाला किंवा चक्कर आली, तर लगेच रुग्णालय गाठावे. नळी फुटली तर जिवावर बेतते.

आणे ते पुणे

जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकावरील आणे गावातून पाहिले की खरी अडचण कळते. नसबंदीची सोय तालुक्यात होते. जोडणीसाठी लागणारा मायक्रोस्कोप आणि त्यात हात बसलेला सर्जन मात्र मोठ्या शहरातच मिळतो. म्हणजे आळेफाटा गाठून नाशिक महामार्गाने पुणे, एका बाजूचे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. तपासणी, ऑपरेशन, पुन्हा तपासणी, आणि प्रत्येक खेपेला शेतातली मजुरी बुडते.

सरकारने ठरवले तर हे बदलू शकते. २००४ च्या त्सुनामीत मुले गमावलेल्या मातांसाठी तामिळनाडू सरकारने नळी जोडण्याचा खर्च उचलला होता. मात्र मूल गमावण्यासाठी त्सुनामीच यावी लागत नाही. नसबंदी ही सरकारी कार्यक्रमाचा भाग असेल, तर मूल गेलेल्या आईची मोफत जोडणीही त्याचाच भाग हवी. कोणत्या सरकारी रुग्णालयात ती होते, याची यादी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लागली पाहिजे. दुसऱ्या ऑपरेशनचा निर्णयही बाईचाच हवा. मुलगा हवा म्हणून घरचे मागे लागले असतील, तर डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी बोलावे.

संमतीपत्रावर सही करताना नसबंदी कायमची समजूनच करावी. जोडणीची हमी कोणीही देत नाही. शंका असेल तर तांबी किंवा इंजेक्शनचा पर्याय विचारावा. कुटुंब पूर्ण झाले असेल, तर पुरुषाची नसबंदी अधिक सोपी आहे. आणि ऑपरेशन झालेच, तर घरी जाण्याआधी कार्डावर पद्धत लिहून घ्यावी. रिंग, क्लिप की कापून बांधणे, एवढा एक शब्द पुढे लाखाचा ठरू शकतो.