युरोच्या आधी हाली शिकवा

मुलुंडच्या वझे-केळकर किंवा मुलुंड कॉलेज ऑफ कॉमर्समधल्या विद्यार्थ्याने क्रुगमन आणि ऑब्स्टफेल्ड यांचे आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राचे पुस्तक उघडले, तर एकच चलन वापरणाऱ्या प्रदेशांचे प्रकरण त्याला युरोच्या आधाराने उलगडून सांगितलेले दिसेल. पुस्तक उत्तमच आहे. पण हाच प्रयोग मराठी मुलखात युरोच्या कितीतरी आधी होऊन गेला, हे त्याला कोण सांगणार? निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, हाली शिक्का चाले; सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया. हिशेब होता सात हालीला सहा कलदार. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, पुढे रुपया एकच झाला आणि १९५९ मध्ये हाली कायमचे बाद झाले. आपले चलन स्वस्त करून माल खपवण्याचा मार्ग त्या प्रदेशाला उरला नाही. मग मागे पडलेल्या भागाने सावरायचे कसे? १९६१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मंडेल यांनी उत्तर दिले की माणसे कामासाठी सहज हलू शकली, तर एक चलन पेलवते. त्याला पुढच्या अभ्यासकांनी जोड दिली ती मागे पडलेल्या भागाकडे पैसा वळवणाऱ्या समाईक तिजोरीची. लातूर-बीडची माणसे पुण्या-मुंबईकडे येत राहिली, ही पहिली वाट. दुसऱ्या वाटेने, म्हणजे तिजोरीतून, जे पोचले नाही त्याला आपण रोजच्या राजकारणात अनुशेष म्हणतो. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या समितीने तो मोजायला घेतला, तेव्हा त्यातला सिंचनाचा आणि रस्त्यांचा हिशेब हा खरे तर चलनसंघाच्या प्रकरणाचाच उत्तरार्ध होता. पाठ्यपुस्तकात मात्र या दोन गोष्टी कधी शेजारी येत नाहीत.

यावर आक्षेप असा की मराठवाडा हा एका देशाचा भाग, तर युरो वापरणारा ग्रीस सार्वभौम, तुलनाच चुकीची. मला वाटते, तुलनेचा खरा उपयोग याच फरकात आहे. २०१० च्या संकटात ग्रीसपाशी स्वतःचे चलन नव्हते आणि युरोपपाशी दिल्लीसारखी समाईक तिजोरी नव्हती. तिजोरी असूनही अनुशेष का उरतो, हा पुढचा प्रश्न मराठी विद्यार्थीच नीट विचारू शकतो. दुसरा आक्षेप नोकरीचा: बँकेत हाली कोण विचारणार? कोणी नाही. पण रुपया घसरला की निर्यातदार सुखावतो आणि किंमत कोण मोजतो, हे रोज विचारले जाते. या प्रश्नावर बाबासाहेब आंबेडकरांचे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ मध्येच लंडनला छापून आले. पुढे रुपयाच्या दराचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे मुंबईच्या गिरणीमालकांची बाजू सोळा पेन्सांच्या स्वस्त रुपयाची होती. १९२७ च्या कायद्याने दर अठरा पेन्सांवर बांधला. आंबेडकरांचे म्हणणे असे की स्वस्त रुपयाचा फायदा देशाला परक्यांकडून मिळत नाही, तो देशातल्याच एका वर्गाला दुसऱ्याच्या खिशातून मिळतो, कारण भाव चढतात तेव्हा मजुरी मागे राहते. मिलची मजुरी आणि डॉलरचा भाव यांच्यातले हे नाते गिरण्यांच्याच शहरातल्या मुलांनी मिशकिन यांच्या चलन-बँकिंगच्या पाठ्यपुस्तकातल्या अमेरिकी उदाहरणावरून शिकावे, ही गोष्ट मला खटकते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने अभ्यासक्रमात विनिमय दराच्या घटकाला आंबेडकरांच्या पुस्तकाची प्रस्तावना आणि हालीचा विनिमय ही दोन वाचने जोडावीत. त्यासाठी मिशकिन किंवा क्रुगमन यांचे एक पानही वगळायची गरज नाही.