डबल ओच्या आत कोण?

मंडळी, फराळाचं ताट समोर असेल तर आधी ते संपवा. शब्द थांबतात, चकली मऊ पडते.

या खेपेला दोनच अक्षरं घेतली आहेत, इंग्रजीतला डबल ओ. निमित्त असं झालं, की पाया लेबारला आमच्या ब्लॉकखाली एका तरुण आईनं विचारलं, "सर, घरी मराठीच बोललो तर मुलीचं स्पेलिंग कच्चं राहील का हो?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इथल्या शाळेत मातृभाषा म्हणून तमिळशिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा घेता येतात. मराठी त्यात नाही. आपली बरीच मुलं हिंदी घेतात. म्हणजे मराठी उरली घरापुरती. स्पेलिंगच्या धाकानं तिथूनही ती बाहेर गेली, तर तिनं जायचं कुठे?

त्या आईला जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. हे तीन शब्द बघा: गूस, मूस आणि मॉन्गूस. तिघांची शेवटची अक्षरं एकच, डबल ओ, एस, ई. गूस म्हणजे बदकाहून थोराड, हंसाच्या जातीचा पाणपक्षी. मूस म्हणजे हरणांच्या कुळातलं सगळ्यांत मोठं जनावर. मॉन्गूस म्हणजे आपलं मुंगूस. आता अनेकवचन करा. गूसचं गीस होतं, मूसचं मूसच राहतं. मॉन्गूसचं? मूल बेधडक 'मॉन्गीस' लिहितं आणि गुण जातो. बरोबर उत्तर मॉन्गूसेस. गूस हा इंग्रजीचा घरचा शब्द, फूट-फीट आणि टूथ-टीथच्या पंगतीतला. मूस उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आला. आणि मॉन्गूस चक्क मराठीतून! सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत दिसू लागतो. आपलं 'मुंगूस' त्यांच्या कानी पडलं आणि शेवटच्या 'गूस'ला त्यांनी ओळखीच्या पक्ष्याचं स्पेलिंग चढवलं. ज्या मुलीला घरी मुंगूस माहीत आहे, तिला हे एकदाच सांगावं लागतं.

पण दोन ओ लिहून 'ऊ' का म्हणायचं? मुलं हे विचारतात, मोठ्यांनी विचारणं सोडून दिलेलं असतं. मुळात ते दोन ओ म्हणजे लांबवलेला ओच होता. जुन्या इंग्रजीत गूसचा उच्चार 'गोस' असा होता. पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास इंग्रजांचे दीर्घ स्वर तोंडात वर सरकले, ओचा ऊ झाला, स्पेलिंग मात्र जागचं हललं नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी त्यांची वखार सुरतेला उघडली, तोवर डबल ओ म्हणजे ऊ हे ठरून गेलं होतं. आपला उ किंवा ऊ ऐकला, की ते डबल ओ लिहून मोकळे.

गूसची आणखी एक गंमत आहे. संस्कृत 'हंस', जर्मन 'गान्स' आणि इंग्रजी 'गूस' ही एकाच आजोबांची नातवंडं. जर्मननं 'न' सांभाळला. इंग्रजीनं तो गाळला आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला. 'दंत' आणि 'टूथ' यांचंही तेच. 'सूथ' म्हणजे सत्य, हा आता 'सूथसेयर' म्हणजे भविष्यवेत्ता या शब्दापुरता उरलाय. तो आपल्या 'सत्'चा नातलग, आणि त्याचाही 'न' असाच हरवला. मराठीनं काय केलं? दंतचा दांत केला, मग दात. आमच्या पिढीनं पहिली-दुसरीत दांत, पांच असं टिंब देऊन गिरवलं. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते टिंब पुसलं. नाकातला आवाज घालवायचा आणि स्वर लांबवायचा, हा एकच उद्योग दोन भाषांनी एकमेकींना न विचारता केला. इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं.

मात्र यावरून 'इंग्रजी संस्कृतातून निघाली' असा मजकूर कृपा करून कुठे फॉरवर्ड करू नका. हंस आणि गूस चुलत भावंडं आहेत, बाप-लेक नव्हेत. कांगारू ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचा, टॅबू टोंगा बेटांवरचा; प्रत्येक डबल ओवर आपला हक्क सांगायचं कारण नाही.

आपल्याकडून गेलेले तेवढ्यानंही कमी पडत नाहीत. 'लूट' जसाच्या तसा गेला, अर्थ सांगायला नको. 'बँडिकूट' तेलुगू पंदिकोक्कुवरून, म्हणजे डुक्कर-उंदीर. मराठीत ही घूस. 'शाम्पू' हे हिंदी 'चांपो'चं रूप, म्हणजे दाबा, चेपा. इंग्रजीतही त्याचा आधीचा अर्थ मालिश असाच होता. मूळचे पाटण्याचे शेख दीन महोमेद यांनी ब्रायटनच्या समुद्रकाठी स्नानगृह काढून साहेबांची अंगं चेपली आणि चौथ्या जॉर्ज राजाचे 'शाम्पूइंग सर्जन' झाले. केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला आणि शब्द बाटलीत बसून परत आला. आज चंपी आणि शाम्पू एकाच न्हाणीघरात असतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत.

इथल्या मलय भाषेचाही वाटा आहे. तिच्या 'ककतुआ'चा इंग्रजीत 'कॉकटू' झाला, मराठीत काकाकुवा. मलय 'कुतू' म्हणजे डोक्यातली ऊ. इंग्रज शिपायांची 'कूटी' बहुधा त्यावरूनच आली. आपण मात्र सगळा प्राणी एका अक्षरात बसवला.

आणि आपल्या परिसरात तर डबल ओ पाट्यांवरच आहे. पाया लेबार हे शुद्ध मलय नाव, अर्थ रुंद दलदल. पण तिथून पायी जू चियाटला जा, किंवा एमआरटीच्या हिरव्या मार्गानं पश्चिमेला बून ले, जू कूनला. चिनी बोलींतली ही नावं इंग्रजी कानानं लिहिलेली आहेत, अगदी आपल्या 'पूना'सारखी. उत्तरेला लिम नी सून या उद्योजकाच्या नावाचा 'नी सून' भाग होता. मँडरिनप्रमाणे लिहिताना त्याचा यीशून झाला, डबल ओ गेला. पूनाचंही पुढे पुणे झालं. तरी पुण्यात पूना क्लब आहे, आणि इथे मतदारसंघाचं नाव अजून नी सूनच आहे.