पगारातून ईएसआय कापतात, पण नोंद कोण तपासतं?

बेरोजगारीचा विमा म्हटलं की आपल्याला परदेश आठवतो. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कर नाही, पण ईएसआयमध्येच 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. नोकरी गेली तर सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. १८ हजार पगार असेल तर साधारण २७ हजार रुपये. डोंबिवली एमआयडीसीत किंवा वागळे इस्टेटमध्ये काम सुटलेल्या माणसाच्या घरी या पैशावर तीन महिन्यांचं भाडं आणि किराणा निघतो.

पण अट आहे. इतर अटींसोबत, नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं हवं. हे दिवस ऑनलाइन भरतो मालकाचा किंवा ठेकेदाराचा माणूस. सहामाहीत तीनच महिने काम मिळालं आणि एका महिन्यात २६ च्या जागी १६ पडले, तर बेरीज ६८. चूक त्याची, नुकसान कामगाराचं!

दराचंही तसंच. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा हिस्सा १.७५ वरून ०.७५ टक्के झाला, मालकाचा ४.७५ वरून ३.२५. म्हणजे १८ हजारांवर ३१५ नाही, १३५ रुपयेच कापायचे. स्लिपवर जुना आकडा दिसला तर विचारा, १८० रुपये गेले कुठे?

लहान कारखानदाराचीही अडचण आहे. लागू नसताना चुकून भरलेलं अंशदान परत हवं असेल, तर एप्रिल ते सप्टेंबरच्या रकमेसाठी १ जानेवारीच्या आत लेखी अर्ज लागतो, आणि व्याज मिळत नाही. त्याने उशिरा भरलं तर मात्र १२ टक्के व्याज. अशाने चूक कबूल करण्यापेक्षा ती झाकलेली बरी, असंच कुणालाही वाटेल.

माझं म्हणणं साधं आहे. ईएसआयला कळवलेले दिवस आणि पगार दर महिन्याच्या स्लिपवर छापा. दुरुस्तीच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत लेखी निर्णय द्या. आणि मालकाने कमी भरलेल्या मागच्या महिन्यांची वसुली कामगाराच्या पुढच्या पगारातून करता येत नाही, हा नियम प्रत्येक गेटवर मराठी-हिंदीत लावा.

तोवर आपला विमा क्रमांक घ्या, लॉगिन करा, दिवस मोजा. नोकरी असतानाच मोजा, सुटल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही.