पाचवे काडतूस

गेल्या दिवाळीत याच पानावर मी आमच्या घरातल्या शिलाई मशीनची कहाणी सांगितली होती. ती वाचून काही भगिनींनी कळवले की, मराठी शिकवणाऱ्या माणसाने तेलाच्या बुधलीत नाक खुपसू नये. सल्ला रास्त होता. पण ती बुधली काही माझी पाठ सोडत नाही. यंदा तिने मला दारव्ह्याला, सासुरवाडीच्या ओसरीवर नेऊन बसवले. आणि समोर शिलाई मशीनऐवजी चक्क बंदूक ठेवली.

दचकू नका, वाचकहो! या बंदुकीने गेल्या पन्नास वर्षांत चिमणीसुद्धा उडवलेली नाही. तरीही दर वर्षी खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागते, आणि पावसाळ्याचा दमटपणा पुरता ओसरला की दिवाळीच्या आधी एका सकाळी आमचे सासरे तिचा सांधा न् सांधा मोकळा करून पुसतात. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वय पंच्याहत्तर. यंदा त्यांचा फोन आला, “जावईबापू, हात थरथरतात आता. या एकदा. फराळ झाला नाही अजून, पण बंदूक तयार आहे!”

या आमंत्रणामागचा डाव आमच्या सौभाग्यवतीने तात्काळ ओळखला. ती अण्णांची एकुलती एक मुलगी. सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला हयातीतच घरच्या वारसाचे नाव पुढे करता येते, हे अण्णांनी कुठूनसे काढले होते. वारस म्हणून त्यांना मी दिसलो. ती म्हणाली, “ज्यांनी दहा वर्षांत सायकलच्या चेनला तेल घातलं नाही, ते बंदूक काय सांभाळणार?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. यवतमाळहून दारव्ह्यापर्यंत एस. टी.त बसून मी ते शोधत होतो.

ओसरीवर पांढरे धोतर अंथरलेले होते. त्यावर ती पडली होती. नेहमीची दुनळी नव्हे. एकच नळी, आणि मागच्या बाजूला चौकोनी, कुबड आल्यासारखी पाठ. ही बेल्जियमची ब्राउनिंग. एकदा चाप ओढला की रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकायचे, दुसरे आपोआप आत घ्यायचे. चार काडतुसे खालच्या नळीत, एक वरच्या घरात, अशी पाच. अण्णांच्या वडिलांनी, म्हणजे दारव्ह्याच्या वकीलसाहेबांनी, ती १९४७ साली मायदेशी परत निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून विकत घेतली.

तिच्या कर्त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटा प्रांतातला बंदूकवाला. छर्ऱ्याची स्वयंचलित बंदूक त्याने १८९८ च्या सुमारास सिद्ध केली. विंचेस्टर कंपनीशी मोबदल्यावरून बिनसले, म्हणून तो १९०२ साली रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना भेटायला गेला, तर भेट होण्याआधीच त्या गृहस्थांचे हृदय बंद पडले. शेवटी तो बोटीत बसून बेल्जियमला गेला. तिथल्या कारखान्याने ती बंदूक काढली आणि ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तयार होत राहिली. ब्राउनिंग स्वतः १९२६ साली त्याच कारखान्यात, काम करता करता गेला.

“आधी काय करायचं?” अण्णांनी विचारले.

“तेल घालायचं,” मी म्हणालो.

“चूक. आधी ती रिकामी आहे का ते पाहायचं. मी पाहिली आहे असं सांगितलं तरी तुम्ही पाहायचं. आणि तुम्ही पाहिली तरी मी पुन्हा पाहणार.”

मी बोल्ट मागे ओढला, घरात करंगळी घालून पाहिली, खालची नळी पाहिली. मग दस्ता जमिनीवर टेकवून, नळी खाली दाबून धरून, पुढची टोपी फिरवली. लाकडी मूठ सुटली, नळी हातात आली. आणि आतली जाडजूड स्प्रिंग दिसली. अण्णांचे खरे व्याख्यान इथे सुरू झाले.

दुनळी म्हणजे गरीब गाय. तिला फारसे काही करायचे नसते. सगळे काम माणूस करतो. ही मात्र स्वतः काम करते, म्हणून हिचे लाड जास्त. बार उडाला की नळी आणि बोल्ट हातात हात घालून मागे जातात. मग नळी एकटी पुढे परत येते, तेवढ्यात रिकामे काडतूस बाहेर पडते. मागून बोल्ट नवे काडतूस घेऊन येतो. हा सगळा धक्का आवरायला त्या स्प्रिंगच्या जोडीला दोन कड्या असतात, एक पोलादी आणि एक ब्राँझची. बदकांसाठी जड काडतूस वापरायचे असेल तर पोलादी कडी स्प्रिंगच्या पुढे, ब्राँझच्या कडीला लागून बसवायची. लाव्यांसाठी हलके काडतूस असेल तर तीच कडी काढून स्प्रिंगच्या मागे ठेवायची. जड काडतुसाला हलकी मांडणी ठेवली तर नळी मागे जोरात आदळते आणि लाकडी मूठ तडकते. हलक्याला जड मांडणी ठेवली तर रिकामे काडतूस दारातच अडकून बसते.

“लोक म्हणतात, बंदूक दगा देते,” अण्णा म्हणाले. “बंदूक कशाला दगा देईल? कडी कुठे आहे ते तुम्ही पाहिलं नाही, एवढंच!”

तेलाचेही तेच. आतल्या नळीवर बोट फिरवले तर चमक दिसावी, पण बोट ओले होऊ नये. तेल फार झाले तर घर्षण जाते आणि धक्का वाढतो. अगदी कोरडी ठेवली तर बंदूक अडखळते. आणि तेल कोणते, यालाही इतिहास आहे. अण्णा लहान असताना एकदा बंदुकीचे तेल संपले, म्हणून वकीलसाहेबांनी देवघराशेजारचे खोबरेल लावले. डिसेंबरातली पहाट, तळ्यावर कुडकुडणारी मंडळी, डोक्यावरून बदकांचा थवा. पहिला बार झाला, आणि बंदूक मिटली ती मिटलीच. खोबरेल गोठले होते! घरी परतल्यावर आजीने विचारले म्हणे, “डोकं थंड झालं का आता?”

जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या दारूने नळीत क्षार राहतात, ते हवेतले पाणी ओढतात आणि गंज धरतो. तेलाने ते जात नाहीत, पाण्याने विरघळतात. म्हणून शिकारीहून आल्यावर वकीलसाहेब चहाच्या आधी आधण ठेवायला लावीत. कढत पाणी नळीतून ओतायचे, गजाला चिंधी गुंडाळून ती कोरडी करायची, मग तेलाचा हात. पुठ्ठ्याची काडतुसे पावसाळ्यात फुगत. म्हणून नळी सुटी करून एकेक काडतूस घरात सहज बसते का, ते आधी पाहून घेत. दस्त्याच्या पोटातही एक स्प्रिंग असते. ती कुणाला दिसत नाही, म्हणून सगळ्यात आधी तीच गंजते. कापसाच्या हंगामात काळ्या मातीची धूळ कुठे कुठे शिरते, हे तर आपल्या जिल्ह्यात सांगायलाच नको.

दोन तास गेले. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. शेवटी अण्णा म्हणाले, “आता मॅगझिनमधली स्प्रिंग काढा. जपून, डोळ्याला लागेल.”

मी ती काढली, आणि तिच्या आतून एक काठी घरंगळून धोतरावर पडली. सागवानाची, बोटाएवढी जाड, हाताने तासलेली, तेल पिऊन काळी झालेली. हा भाग बेल्जियमहून आलेला नव्हता, एवढे मलाही कळले.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ती नानांची.”

१९६४ चा डिसेंबर. अण्णा चौदा वर्षांचे. वडिलांबरोबर तळ्यावर गेले होते. थवा उठला, तीन बारांत दोन बदके पडली. तिथेच थांबायचे. पण बंदुकीत अजून दोन काडतुसे होती, चाप ओढला की उडणारी. थवा दूर गेला होता, तरी चौथे उडाले, पाचवे उडाले. मागे उडणारा एक मोठा, नारिंगी पक्षी हवेत लचकला, पाय लोंबकळला, आणि तो तिरपा होत पलीकडच्या लव्हाळ्यात उतरला. तो चक्रवाक होता. त्याचे मांस कोणी आवडीने खात नाही. शिकारी त्याच्या वाटेला जात नाहीत. अंधार पडेपर्यंत बापलेकांनी चिखल तुडवला. सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नानांनी मुलाला उठवले आणि बंदूक न घेता दोघे पुन्हा तळ्यावर गेले. जोडीतला दुसरा पक्षी लव्हाळ्यावर घिरट्या घालत होता, ओरडत होता. खाली बसायचा, पुन्हा उठायचा. उन्हे वर येईपर्यंत हेच चालले होते.

वाचकहो, मी गेली वीस वर्षे वर्गात चक्रवाकाच्या विरहाचा काव्यसंकेत शिकवतो आहे. रात्री ही जोडी दुरावते आणि पहाटे भेटते, असे सांगतो. मुले वहीत लिहून घेतात. पहाट होऊनही भेट न झालेली जोडी मी त्या ओसरीवर पहिल्यांदा ऐकली.

“त्या संध्याकाळी नानांनी सुताराकडून सागाचा तुकडा आणला,” अण्णा सांगत होते. “रात्री बसून तासला, आणि मॅगझिनमध्ये बसवला. तेव्हापासून हिच्यात पाचऐवजी तीनच काडतुसे बसतात. मला म्हणाले, तिसऱ्यानंतर माझा माझ्यावर भरवसा नाही.”

अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला तीनच काडतुसांची मर्यादा सरकारने १९३५ सालीच घातली, आणि तिकडे अशाच काठ्या बसवतात, हे मी पुढे वाचले. दारव्ह्याच्या वकिलाला तो कायदा ठाऊक नसावा. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकारीवर बंधने आली; १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली शिकारही संपली. नानांनी मात्र १९७२ सालीच उरलेली काडतुसे पोलिसांत जमा केली, आणि बंदूक ठेवली. ती का ठेवली, हे मी अण्णांना विचारले.

“देऊन टाकली असती तर ही काठी कुणीतरी पहिल्याच दिवशी काढून फेकली असती.”

आता हिवाळ्यात अण्णा दुर्बीण घेऊन तळ्यावर जातात. चक्रवाक अजून येतात. ते जोड्या मोजतात, घरी येऊन वहीत आकडा लिहितात. कधी आकडा विषम आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात.

मी ती काठी पुसली, स्प्रिंगच्या आत सरकवली, मॅगझिन बंद केले. कड्या ओळीने चढवल्या, नळी बसवली, टोपी घट्ट फिरवली. बोल्ट ओढून पाहिला. तो गुळगुळीत परत आला. अर्जावर सही करायला मी पेन मागितले. घरी गेल्यावर त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, तेही मला सापडले होते: तेल मी घालीन, सायकलच्या चेनलासुद्धा.

अण्णांनी पेन दिले नाही. त्यांनी बंदूक माझ्या हातातून घेतली, चष्मा नाकावर सरकवला, आणि ती रिकामी आहे का ते पुन्हा एकदा पाहिले.