गाभण मादी विकणं बंद करा

मे महिन्यात चाकरमानी गावी आले, मुलांच्या हट्टापायी रत्नागिरी-चिपळूणच्या दुकानांतून हॅमस्टर घरोघरी गेले, आणि जून लागताच आमच्याकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. तक्रार एकच: मादीने पिल्लं खाल्ली. कुणी पैसे परत मागतो, कुणी मादी बदलून मागतो. आपले काही दुकानदार सभासद आम्हालाच विचारतात, असल्या 'खराब' मादीचं करायचं काय?

मादी खराब नाही. सोनेरी हॅमस्टरचा गर्भकाळ 16 दिवसांच्या आसपास असतो. घरी नेल्यावर आठ-दहा दिवसांत मादी व्याली, तर ती विकतानाच गाभण होती. घाऊक व्यापाऱ्याकडे नर-मादी एकाच खोक्यात, मग रात्रभर घाटातला प्रवास, दुकानाचा पिंजरा, लगेच दुसरं घर, आणि व्याल्याच्या दिवशी घरट्यात मुलांचे हात. या हालांत मादीकडून दुसरी अपेक्षा करणं चूक आहे.

या जातीचा इतिहासच हे सांगतो. 1930 साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांच्या चमूने सीरियातल्या अलेप्पोजवळ जमीन खोल खणून एक मादी पिल्लांसकट बाहेर काढली. खोक्यात ठेवताच तिने एक पिल्लू मारलं. उरलेली पिल्लं हातावर वाढवावी लागली. त्यांतली काही जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात पोचली आणि आपल्या दुकानांतल्या सोनेरी हॅमस्टरांचा वंश बहुतांशी त्या एका वेतातून आला. मोडलेलं घरटं मादीला सोसत नाही, हे तेव्हापासून माहीत आहे.

म्हणून व्याल्यावर पहिले दोन आठवडे पिल्लांना हात नको, जागा बदलणं नको, पूर्ण सफाई नको. फार झालं तर आठवड्यानंतर ओला कोपरा तेवढा काढावा. पाणी क्षणभरही संपू देऊ नये. तहानलेली मादी पिल्लांवर उलटते. उकडलेलं अंडं, पनीर, मोड आलेले मूग थोडेथोडे द्यावेत. पिल्लं आठवडा-दहा दिवसांची झाली की डोळे मिटलेले असतानाच दाणा कुरतडू लागतात. तेव्हा पाण्याच्या बाटलीची नळी त्यांच्या तोंडाशी येईल इतकी खाली घ्यावी. घरट्याला कापूस देऊ नये, तो पायांना गुंडाळतो. साधा टिश्यू कागद फाडून द्यावा. आपल्याकडच्या पावसात भुसा आणि पेंढा दोन दिवसांत बुरशी धरतो, तेव्हा कोरडा साठा आधीच भरून ठेवा. आणि लाल मुंग्या! उघड्या कातडीची पिल्लं त्या एका रात्रीत संपवतात. पिंजऱ्याच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्याशिवाय कोकणात पैदास करूच नये.

आता सरकारी बाजू. 2018च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत पाळीव प्राण्याच्या व्याख्येतच हॅमस्टरचं नाव आहे. कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग यांच्याच ओळीत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय दुकान चालवता येत नाही. एका वाचकाने नोंदणीची चौकशी केली, तर 'उंदरांना नोंदणी कसली' असं सांगून त्याला परत पाठवलं. दुसऱ्याकडे रेबीजच्या लसीचा दाखला मागितला. हॅमस्टरसाठी अशी लसच नाही! ज्यांनी नियम राबवायचा त्यांनी तो उघडून पाहिलेला नाही, आणि हेलपाटे मारून कंटाळलेला प्रामाणिक दुकानदार शेवटी नोंदणीविनाच धंदा करतो. पशुसंवर्धन खात्याने तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस बसून अर्ज भरून घ्यावेत, एवढीच आमची मागणी आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही.

पण खात्याकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. नर-मादी वेगळे करायला कुणाच्या शिक्क्याची गरज नाही. पिल्लं तीन आठवड्यांनी दूध सोडतात आणि माद्या चौथ्या-पाचव्या आठवड्यातच माजावर येऊ शकतात. म्हणजे वेगळं करायला हाती जेमतेम एक आठवडा असतो, आणि तोच आपण आळसात घालवतो. ड्वार्फ जातींत तर व्याल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहते, तरी नर त्याच पिंजऱ्यात ठेवणारे सभासद आहेत. त्यांनी एक तर पद्धत बदलावी, नाहीतर पैदास सोडावी.

सभासदहो, या महिन्यापासून प्रत्येक पावतीवर प्राण्याची जन्मतारीख आणि नर की मादी हे लिहा. बाहेरून आलेली मादी तीन आठवडे वेगळी ठेवल्याशिवाय विकू नका. व्याली तर पिल्लांनी दूध सोडेपर्यंत ती तुमच्याकडेच राहू द्या. घाऊक व्यापारी मिसळलेलं खोकं पाठवत असेल तर ते परत करा. गणपतीसाठी चाकरमानी पुन्हा येतील, त्याआधी हे झालंच पाहिजे.