चित्रही मक्त्यानं मिळतं, हे पोहरादेवीत सांगा

प्रति,
व्यवस्थापन, बंजारा विरासत संग्रहालय,
पोहरादेवी, ता. मानोरा, जि. वाशिम



मी दिग्रसला राहणारा चित्रकार. रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत येतो, तेव्हा पिशवीत वही आणि जलरंगाची डबी असतेच. जगदंबेचं आणि सेवालाल महाराजांच्या समाधीचं दर्शन झालं की सावली बघून बसतो आणि माणसं काढतो. अशाच एका यात्रेत एका म्हाताऱ्या याडीचं चित्र काढलं होतं. आरशांनी भरलेली काचळी, कानांजवळ लोंबणारी घुगरी, मांडीवर कवड्यांची पिशवी. तिनं दोन तास न कंटाळता बसून दिलं. घरी येऊन चित्र पूर्ण केलं आणि त्याचा फोटो चार मित्रांना मोबाइलवर पाठवला.

वर्षभरानं ती याडी मला एका तालुक्याच्या बाजारात भेटली, कापडाच्या दुकानावरच्या दहा फुटी फ्लेक्सवर. कोपऱ्यातली माझी सही कापलेली होती. मी तावातावानं आत गेलो. दुकानदारानं बसवलं, चहा मागवला आणि फ्लेक्सवाल्याला बोलावून घेतलं. तो तरुण पोरगा माझ्यापुढे उभा राहून म्हणाला, "काका, चित्र मोबाइलवर आलं होतं. आवडलं म्हणून घेतलं. असं चित्र पैसे देऊन वापरायला मिळतं का? अन् विचारायचं कुणाला?"

माझा राग तिथेच उतरला, कारण त्याच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. माझा दर ठरलेला नव्हता, कागद तयार नव्हता, चित्राखाली फोन नंबरही नव्हता. पुढे ही गोष्ट याडीच्या कानावर घातली. तिनं एवढंच विचारलं, "मग तुला किती मिळाले?"

त्या पोराचा प्रश्न घेऊनच मी आपल्याकडे आलो आहे. चोरून चित्र वापरणारे असतात, त्यांच्यासाठी कायदा आहे. पण आपल्या भागात चित्र वापरणारे बहुतेक जण चोर नाहीत. कॅलेंडर छापणारे, लग्नपत्रिकावाले, साडीचे व्यापारी, शाळेची पुस्तकं काढणारे प्रकाशक, यात्रेच्या सहली नेणारे, या सगळ्यांना शाईचे, कागदाचे, मजुरीचे पैसे द्यावे लागतात हे ठाऊक असतं. चित्राचेही द्यायचे असतात, आणि ते रीतसर मिळतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

खरं तर हा व्यवहार आपल्या माणसाला नवा नाही. शेत मक्त्यानं देतात, कुणी त्याला ठोक्यानं म्हणतं. पीक दुसरा घेतो, ठरलेली रक्कम मालकाला देतो, सात-बारावरचं नाव हलत नाही. चित्राचा परवाना म्हणजे हाच मक्ता. दुकानदारानं एका हंगामासाठी, एका फ्लेक्ससाठी चित्र वापरायला घेतलं, तर चित्र माझंच राहतं आणि पुढच्या वर्षी ते दुसऱ्याला देता येतं. चित्र कायमचं लिहून देणं हा वेगळा व्यवहार आहे, तो खरेदीखतासारखा. आणि भिंतीवर लावायला चित्र विकत घेतलं, म्हणजे ते छापण्याचा हक्कही आला, असं होत नाही.

1957 चा कॉपीराइट कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. चित्र काढलं की हक्क निर्माण होतो, नोंदणीची सक्ती नाही. तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. परवाना लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे मराठीतला एक पानी कागद पुरतो: कोणतं चित्र, कशावर, किती प्रती, किती दिवस, किती रुपये, आणि नाव कुठे छापायचं.

एक जागा मात्र जपून बघावी लागेल. पैसे देऊन कुणाकडून चित्र किंवा फोटो मुद्दाम काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क सहसा काढून घेणाऱ्याचा असतो. आपल्या 13 दालनांत समाजाच्या थोर माणसांची चित्रं आहेत. त्यांतली जी अशी करवून घेतलेली असतील, त्यांचा परवाना शासनाकडून किंवा आपल्याकडूनच घ्यावा लागेल. तरी चित्र मी काढलं असं सांगण्याचा, आणि त्याची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क चित्रकाराकडेच उरतो. तो विकल्यानंही जात नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून टाकलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. ते शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरीही दिल्ली उच्च न्यायालयानं 2005 मध्ये अवशेष त्यांना परत द्यायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

बंजारा कलेबाबत अजून एक गैरसमज आहे आणि मला तो सगळ्यात जास्त खुपतो. ही परंपरेची कला, म्हणून ती कुणाचीच नाही, असं खरेदीदार धरून चालतो. आरसे-कवड्यांची जुनी मांडणी कुणा एकाची नाही, हे खरंच. पण त्या मांडणीतून एखाद्या बाईनं स्वतः रचलेला नवा नमुना तिचा असतो, आणि फेटियाचा, म्हणजे बंजारा घागऱ्याचा, कुणी मन लावून काढलेला फोटो त्या छायाचित्रकाराचा. 1966 साली ऑस्ट्रेलियानं एक डॉलरच्या नोटेवर आदिवासींचं सालीवर रंगवलेलं चित्र छापलं. छापणाऱ्यांना ते कुणा अनाम जुन्या कलावंताचं वाटलं. चित्रकार डेव्हिड मलांगी जिवंत होते आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. नंतर चूक कळली, तेव्हा त्यांना 1000 डॉलर, एक पदक आणि मासेमारीच्या सामानाची पेटी मिळाली. एका देशाच्या रिझर्व्ह बँकेची अशी चूक होते, तर बाजारातल्या फ्लेक्सवाल्या पोराला मी काय बोल लावू?

हे सगळं मी आपल्यालाच का लिहितो? नंगाऱ्याच्या आकाराची आपली इमारत 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते खुली झाली. बंजारा वेष, दागिने, चेहरे पाहायला बाहेरचा माणूस आता पोहरादेवीत येणार, आणि त्यात जाहिरातवाले, कापडवाले, हॉटेलवाले असणारच. भाविकानं आठवण म्हणून फोटो काढला तर माझी काहीच हरकत नाही. धंद्यासाठी चित्र शोधणाऱ्याला मात्र पहिली माहिती मिळण्याची जागा आपलं प्रवेशद्वार आहे. एकटा चित्रकार ओरडून जे सांगू शकत नाही, ते आपली एक पाटी सांगेल.

मराठीत, हिंदीत आणि गोरबोलीत लिहा: "येथील चित्रे व छायाचित्रे व्यवसायासाठी वापरायची असल्यास परवाना मिळतो. कार्यालयात चौकशी करा." प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचं नाव असू द्या. कार्यालयात एक वही ठेवा, परिसरातल्या चित्रकारांची, छायाचित्रकारांची आणि कशिदा करणाऱ्या बायांची. त्यांच्या संमतीनं, संपर्कासह. दर आम्ही ठरवू, आणि तो परवडेल असाच ठेवू. तालुक्यातल्या दुकानाला काही शे रुपयांत चित्र मिळावं, देशभर जाहिरात करणाऱ्या कंपनीनं तिच्या ऐपतीप्रमाणे द्यावं. उत्तर दोन दिवसांत मिळावं, कारण फ्लेक्सवाल्याला उद्या सकाळी छापायचं असतं. वाट पाहावी लागली की तो पुन्हा मोबाइलकडे वळतो. यात्रेआधी वाशिम, यवतमाळच्या छपाईवाल्यांना एक पत्र पाठवलंत तर निम्मं काम तिथेच होईल.

ज्यांचा चेहरा चित्रात आहे त्यांचाही वाटा त्या कागदात लिहावा, अशी माझी विनंती आहे. माझ्या चित्रांपुरतं मी ठरवलं आहे: मिळेल त्यातला तिसरा हिस्सा समोर बसणाऱ्याचा.

त्या दुकानदारानं नंतर मला पैसे दिले. त्यातले याडीला नेऊन दिले, तेव्हा तिनं ते मोजले, पदराला बांधले आणि पुढच्या रामनवमीला पुन्हा बसेन म्हणाली. त्या यात्रेआधी आपली पाटी लागावी. वहीतल्या पहिल्या पानासाठी माझी तीन चित्रं आणि एक पानी कराराचा मसुदा घेऊन आपण बोलवाल त्या दिवशी मी येतो.

आपला,
दिग्रसचा एक चित्रकार